एकवीस खोकल्यांची सलामी

दिवाणसाहेब पागेच्या दारात येऊन उभे राहिले तेव्हा आमचा बँड 'मोरवड मार्च' वाजवता वाजवता त्याच्या उत्तरार्धात शिरला होता. एकदा उत्तरार्धात शिरल्यावर दिवाण काय, ब्रह्मदेव आला तरी थांबायचं नाही अशी मास्तरांची शिस्त. त्यामुळे मोरवड संस्थानचे दिवाण त्रिंबकराव आगटे नाकाला उपरणं लावून ताटकळत राहिले. घोडे विकून टाकल्यावर संस्थानाने पागा बँडला दिली होती. घोडे गेले, पण वास मागे ठेवून गेले होते.

सूर चढत चढत वरच्या टोकाला आले. मास्तरांनी छडी काखेत मारली, रुमाल तोंडावर दाबला, भिंतीकडे वळले आणि दोनदा खोकले. त्याच क्षणी आम्हीही वाद्यं तोंडातून काढली, दोनदा खोकलो आणि मास्तर वळताच पुढची ओळ उचलली.

मार्च संपल्यावर दिवाणसाहेब आत आले. "इथं धूळ फार आहे," ते म्हणाले. "सगळ्यांचेच घसे धरलेत."

मास्तर म्हणजे सिन्योर ऑरेलियो फॉन्ताना. इटलीच्या कुठल्याशा पलटणीत बँड वाजवून, मग मिसर देशात कुणा पाशाच्या पदरी राहून, मग मुंबईत एका नाटक मंडळीशी भांडून ते मोरवडला येऊन टेकले होते. आपल्याला 'माएस्त्रो' म्हणावं अशी त्यांची फार इच्छा होती. आम्ही मास्तर म्हणायचो. दफ्तरात कारकुनाने त्यांचं आडनाव 'फंटाणे' असं लावलं होतं आणि सहा वर्षांत ते दुरुस्त करायला कुणाला सवड झाली नव्हती. मिशांना मेण लावायचे, निळ्या कोटाची सोनेरी फीत रोज स्वतः घासायचे, आणि मराठी अशी बोलायचे की बाई, बुवा आणि बैल तिघांना एकच क्रियापद पुरायचं. ती मराठी पुरती समजणारा मी एकटा. मी नारोबा गुरव, पहिला क्लॅरिनेट. म्हणून दिवाणसाहेबांनी बाकीच्यांना बाहेर काढलं आणि मला ठेवून घेतलं.

"मास्तर, तुमचा करार दसऱ्याला संपतो," दिवाणसाहेब म्हणाले. "महाराजांना तुम्ही हवे आहात. मलाही चालाल. पण सही इंग्रज सरकारच्या एजंटसाहेबांची लागते, आणि दरबाराला त्यांच्यासोबत त्यांचा गोरा डॉक्टर येतोय. परदेशी नोकराची प्रकृती निकोप असल्याचा त्याचा शेरा पाहिजे, असा नवा हुकूम आहे."

"माझा प्रकृती फर्स्ट क्लास," मास्तर म्हणाले आणि खोकले.

दिवाणसाहेब रुमालाकडे बघत होते. मास्तरांनी तो घाईने खिशात कोंबला.

"एजंटसाहेबांची बायको क्षयाने गेली," दिवाणसाहेब हळू आवाजात म्हणाले. "खोकला ऐकला की त्या माणसाचं तोंड पांढरं पडतं. डॉक्टर काही तुम्हाला उघडं करून तपासणार नाही. खुर्चीत बसून बघेल, ऐकेल आणि शेरा मारेल. तासाभराचा दरबार आहे. तेवढा एक तास तुम्ही खोकायचं नाही. बस्स. नारोबा, हे यांना नीट समजावून सांग."

मी समजावून सांगितलं. तासभर खोकायचं नाही, नाहीतर मोरवड सुटलं. यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

दिवाणसाहेब गेल्यावर मास्तर ढोलावर बसले. मोठा ढोल हा सटवाप्पाचा जीव की प्राण, त्यावर दुसऱ्या कुणी हात ठेवला तरी तो दोन दिवस बोलायचा नाही. पण सटवाप्पा बाहेर होता.

"नारोबा, माझा गाव मोरवडपेक्षा लहान आहे. तिथे बँडमास्तर किती आहे, माहीत? अकरा. मी गेला तर बारावा होणार. बर्फ पडणार, मी दुसऱ्याचा लग्नात तुतारी वाजवणार." ते हसले. "इथे मी एकटा आहे. इथे माझा बँड आहे. वाईट आहे, पण माझा आहे. मी जाणार नाही."

"जायचं न्हाईच मास्तर," मी म्हणालो. "वैद्याकडनं औषध आणतो मी."

मनापासून म्हणालो. मास्तर गेले असते तर बँड मोडला असता आणि मी पुन्हा गावच्या देवळात सनई फुंकत बसलो असतो, हे खरं. पण तेवढंच नव्हतं. त्या माणसाने माझ्या हातात क्लॅरिनेट दिलं होतं. मला तो माणूस आवडायचा.

आता मार्चमधला खोकला कुठून आला ते सांगतो, नाहीतर तुम्ही आम्हाला वेडे ठरवाल. पुढे ठरवालच, पण निदान कारण कळू दे.

बँडमध्ये आम्ही बावीस. कुणी देवळातला सनईवाला, कुणी लग्नात शिंग फुंकणारा, कुणी ताशेवाला. कागदावरची ती पाच तारांवर बसलेली कावळ्यांची रांग एकालाच वाचता यायची, गोव्याहून आलेल्या इनास कुलासोला. आम्हाला मास्तर स्वतः कॉर्नेटवर वाजवून दाखवायचे आणि आम्ही उचलायचो. आमच्याकडे विद्या अशीच उचलतात. माझ्या आज्याचा पुढचा दात पडला होता, त्यामुळे भूपाळी वाजवताना एका ठिकाणी फुसकन शीळ निघायची. माझ्या बापाचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत, पण तो त्या ठिकाणी मुद्दाम शीळ काढायचा. मीही काढायचो. एकदा मी ती गाळली तर बापाने कानफटीत मारली होती. गुरूने दिलेलं निवडायचं नसतं, घ्यायचं असतं.

मोरवड मार्च मास्तरांनी स्वतः रचलेला, महाराजांसाठी. तो त्यांनी आम्हाला त्याच वर्षाच्या सुरुवातीला, हिवाळ्यात शिकवला, आणि तेव्हा त्यांची छाती भरलेली होती. उत्तरार्धात वरचा सूर लागण्याआधी ते दर वेळी थांबायचे आणि दोनदा खोकायचे. पहिला खोकला कोरडा, दुसरा खोल, आणि त्या दुसऱ्याच्या शेवटी श्वास आत घेताना एक ओली ओढ. आम्ही मार्च उचलला तो खोकल्यासकट. आमच्या लेखी ती मार्चातली एक जागा होती, आणि अवघड जागा होती. शेवटची ओढ सटवाप्पाला महिनाभर जमली नव्हती.

मास्तरांना हे कळलं कसं नाही? कारण तालमीत त्या ठिकाणी ते स्वतःच भिंतीकडे तोंड करून खोकत असत. स्वतःच्या खोकल्यात त्यांना आमचा ऐकू जायचा नाही. वळून बघतात तो आम्ही वाद्यं खाली धरून थांबलेले. त्यांना वाटायचं, ही माणसं किती अदबशीर, माझ्यासाठी थांबतात. एकदा छातीवर हात ठेवून, मान लववून, त्यांच्या भाषेत आभार मानत "ग्रात्सिए" म्हणाले. आम्हाला वाटलं, जागा बरोबर लागली म्हणून शाबासकी दिली. त्या दिवशी सटवाप्पाने पेढे वाटले.

दरबाराच्या आदल्या दिवशी सकाळी इनास माझ्याकडे आला. इनास पिकोलो ही चिमुकली, तीक्ष्ण बासरी वाजवायचा, आणि फार बोलणारा गडी नव्हता. दिवाणसाहेबांचा हुकूम एव्हाना सगळ्या बँडला माझ्याकडून कळला होता.

"नारोबा, उद्या ते खोकणं गाळा," तो म्हणाला.

"का?"

"कागदावर नाही ते."

"कागद खोकंल कसा?"

"तसं नव्हे रे. मास्तर उद्या खोकायचा नाही. तुम्ही खोकलात तर कसं दिसेल?"

"मास्तर खोकायचं न्हाईत म्हणून तर आमी नीट खोकायला पायजे. न्हाईतर जागा मोकळी पडंल."

"तू पिसा आहेस," तो म्हणाला.

"एवढं वाटतंय तर मास्तरांनाच जाऊन सांग की."

"काय सांगू? तुमचा खोकला एकवीस माणसांना पाठ झालाय म्हणून? तो मिशीला मेण लावणारा माणूस आहे. त्याला वाटतं, कुणाला माहीत नाही. मी नाही सांगणार."

माझ्या मनात आलं, हा गोवेकर मास्तरांच्या जागेवर डोळा ठेवून आहे. मार्च बिघडवून आमची फजिती करायचा डाव दिसतोय. मी सगळ्यांना गोळा करून बजावलं, उद्या खोकल्यात कुणी कसूर केली तर गाठ माझ्याशी आहे.

तुम्ही म्हणाल, अरे गाढवा, तूच औषध आणणार, तूच समजावून सांगणार, आणि तुझ्या डोक्यात उजेड पडू नये? नाही पडला. मास्तरांचा खोकला वेगळा आणि मार्चमधला वेगळा. एक आजार होता, दुसरं संगीत. दोन्हींची सांगड घालावी असं मला सुचलंच नाही.

दाजीशास्त्री वैद्यांनी अडुळशाचा काढा दिला, गालात धरायला ज्येष्ठमधाची कांडी दिली आणि वर अफूची एक कणी दिली. "ही घेतल्यावर खोकला येणार नाही," ते म्हणाले. "बाकीही फारसं काही येणार नाही."

दसऱ्याला सकाळी नवाच्या सुमाराला दरबार भरला. वाड्यापुढे शामियाना, मध्ये महाराज, उजवीकडे एजंटसाहेब, आणि त्यांच्या शेजारी खुर्चीत पाय लांब करून बसलेला म्हातारा, वाळका गोरा डॉक्टर. मास्तर निळ्या कोटात आले. डोळे अर्धे मिटलेले, चेहऱ्यावर समाधान. अफू छान बसली होती. अर्धा तास भाषणं झाली, नजराणे झाले, मास्तर एकदाही खोकले नाहीत. दिवाणसाहेबांनी लांबूनच मला डोळ्यांनी शाबासकी दिली. मग महाराजांनी मान हलवली आणि मार्चला सुरुवात झाली.

अफूमुळे मास्तरांचा हात पाण्याखालून फिरल्यासारखा फिरत होता, आणि मार्च इतका संथ निघाला की त्या चालीवर फौज निघाली असती तर वेशीपर्यंत पोचायला दिवाळी उजाडली असती. पण वाजत चांगला होता. पूर्वार्ध संपला. उत्तरार्धात शिरलो. सूर चढले, टोकाला आले, आणि आम्ही वाद्यं खाली घेतली.

मोठ्या संस्थानांना एकवीस तोफांची सलामी असते. मोरवडला एका तोफेचाही मान नव्हता. आम्ही एकवीस खोकल्यांची दिली. एक कोरडा, एक खोल, आणि शेवटी ती ओली ओढ. एकवीस छात्यांमधून, ऐन शांततेत. फक्त इनास खोकला नाही. तो त्या रिकाम्या जागेत एकटाच पिकोलो जिवाच्या आकांताने किंचाळवत होता. मी त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं. ऐन दरबारात भरकटला मेला, असं मला वाटलं. आमचा खोकला झाकायची त्याची धडपड चालली होती हे मला फार उशिरा कळलं.

मास्तरांची छडी हवेत थांबली. मार्च शिकवल्यापासून पहिल्यांदा ते त्या ठिकाणी खोकत नव्हते, आणि पहिल्यांदाच त्यांना आमचं ऐकू आलं होतं. मला त्यांचा चेहरा दिसत होता. आधी कळलं नाही, मग कळलं, आणि मग त्यांना आठवलं की उत्तरार्ध दोनदा वाजवायचा असतो.

दुसऱ्या वेळी सूर चढायला लागले तसे ते दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवायला लागले. असे हात त्यांनी कधीच हलवले नव्हते. आम्हाला वाटलं, जोर कमी पडला. मग आम्ही बेंबीच्या देठापासून खोकलो. शामियान्यावरची कबुतरं उडाली.

मार्च संपला. महाराज हसत होते. त्यांना गाण्यातलं काही कळत नसल्यामुळे ते नेहमीच खूश असत. एजंटसाहेबांचं तोंड मात्र पांढरं पडलं होतं. आणि तो वाळका डॉक्टर खुर्चीतून उठून आमच्याकडे चालत येत होता. दिवाणसाहेब त्याच्या मागून लगबगीने आले.

डॉक्टर मास्तरांकडे गेला नाही. सरळ माझ्यापुढे आला आणि इंग्रजीत काहीतरी बोलला.

"साहेब विचारताहेत," दिवाणसाहेब घाईघाईने म्हणाले, "की हा खोकला पागेतल्या धुळीमुळे आहे ना? धुळीमुळेच ना, नारोबा?"

मला राग आला. दोन महिने घासून बसवलेली जागा, आणि धूळ म्हणे.

"न्हाई जी," मी म्हणालो. "धुळीचा कसा? मास्तरांचा हाय त्यो."

"अरे, धुळीचा..."

"दिवाणसाहेब, धूळ पुरे," डॉक्टर स्वच्छ मराठीत म्हणाला. वीस वर्षं देशावर काढलेला माणूस होता तो. "तू बोल. मास्तरांचा म्हणजे?"

"म्हणजे त्यांनी दिला तसाच आमी घेतला, सायेब. जसाच्या तसा. त्यात आमच्या पदरचं कायबी न्हाई."

"पुन्हा एकदा करून दाखव."

मी छाती फुगवून करून दाखवला. डॉक्टर मान तिरकी करून ऐकत होता. आजवर कुठल्या जाणकाराने माझं वाजवणं इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

"शेवटी श्वास ओढताना तो आवाज, तोही त्यांचाच?"

"व्हय. त्योच तर अवघड हाय. सटवाप्पाला अजून येत न्हाई धड."

"आणि हा खोकला त्यांना केव्हा येतो?"

"सकाळी जास्ती. आन् जिना चढल्यावर."

"किती दिवस झाले?"

"दोन वर्सं व्हतील. आधी निस्ता कोरडा व्हता. ही ओढ औंदा आली."

"आणि रुमालावर काय दिसतं?"

मी सांगायला तोंड उघडलं. डॉक्टरच्या खांद्यावरून मला मास्तर दिसले. ते माझ्याकडेच बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"मला म्हाईत न्हाई," मी म्हणालो.

"बरं," डॉक्टर म्हणाला. त्याने मास्तरांचा निळा कोट उघडायला लावला आणि सगळ्या दरबारासमोर त्यांच्या छातीला कान लावला. फार वेळ लावला नाही. तपासणी आधीच झाली होती, माझ्या तोंडून.

एजंटसाहेबांनी वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. नोव्हेंबरच्या बोटीचं तिकीट काढून दिलं, बरोबर घोंगड्या दिल्या. डॉक्टर म्हणाला, डोंगराची हवा मिळाली तर वर्ष काढेल. बँड मोडला नाही. इनासला मास्तर केलं. त्याने पहिल्या दिवशी मला बोलावून विचारलं, "आता तरी गाळायचं ना?" मी त्याच्या पायाशी बसलो आणि घडाघडा बोललो, त्याच्याबद्दल मनात आणलेलं सगळं पाप सांगितलं. तो म्हणाला, "ते मला ठाऊक होतं रे."

मास्तर निघाले त्या दिवशी आम्ही सगळे वेशीपर्यंत त्यांच्या बैलांच्या धमणीमागून गेलो. वेशीवर मास्तरांनी गाडी थांबवली. मिशांना मेण होतं. मी पुढे झालो आणि त्यांचे पाय धरले.

"मास्तर, माझ्यामुळं झालं. मीच सांगितलं त्येला. माझी जीभ झडली का न्हाई."

"ऊठ, नारोबा," ते म्हणाले. "मला एक सांग. मी सहा वर्षं काय ओरडत होता?"

"सगळे एकत्र सुरू करा, म्हणून."

"कधी केला?"

मी बोटं मोजायला लागलो.

"कधी नाही. सटवाप्पा आधी. तू नंतर. कॉर्नेट देवाचा मर्जीने." ते धमणीतून पुढे वाकले आणि त्यांनी माझा कान पकडला, हळूच. "फक्त तिथे. एकवीस माणूस, एक छाती. मी मिसरमध्ये होता, मी मुंबईत होता, माझा गावात अकरा बँडमास्तर आहे. असा एकत्र कोणाचा बँड नाही. गाळू नको तो."

गाडीवानाने बैल हाकले. मी तिथेच रस्त्यावर बसून ढसाढसा रडलो. सटवाप्पा शेजारी बसला, तोही रडला.

याला चाळीस वर्षं झाली. त्या माणसाने मला दिलेली खरी शाबासकी ती एकच, आणि कशाबद्दल दिली असं कुणी विचारलं तर मला उठून दुसरीकडे जावं लागतं.